आवाज साफ आला पाहिजे

मारोतराव बोंदरे यांच्या घरचा टीव्ही त्यांच्यापेक्षा शेजारच्या अमरदीपला जास्त ऐकू येत असे. टीव्ही नवा होता आणि पातळ होता. घ्यायला गेले तेव्हा दुकानातल्या प्रत्येकानं त्याच्या पातळपणाचं कौतुक केलं, पण एवढ्या पातळ अंगात आवाजाला जागा कुठे ठेवली आहे, हे कोणी विचारलं नाही. ती मागच्या बाजूला होती. त्यामुळे मालिकेतल्या बायका तोंड इकडे करून रडत आणि रडणं तिकडे भिंतीत जाई. भिलाईच्या सेक्टर सहामधल्या जुन्या क्वार्टरांना मधली भिंत एकच. पलीकडे अमरदीपसिंग, स्टील प्लांटच्या ट्रान्सपोर्ट खात्यातला, जन्मानं भिलाईचा आणि आवडीनं सगळ्यांचा. सकाळी सायकल काढताना तो म्हणे, "भाई साहब, कल सास ने जो बोला ना, वो गलत बोला." सासू काय बोलली ते मारोतरावांना मुळीच ऐकू आलेलं नसे. ते मान हलवून "सही बात है" म्हणत आणि ड्युटीला जात.

मारोतराव रेल मिलमध्ये होते. लाल तापलेले रूळ जिथे धडधडत धावतात, त्या खात्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. "मिलच्या आवाजानं मले जरा कमी ऐकू येते," असं ते घरात नेहमी सांगत. कंपनीचे डॉक्टर दर वर्षी त्यांचे कान तपासून ठीक असल्याचं लिहून देत, पण मारोतरावांचं म्हणणं असं, की डॉक्टर कान तपासतो दवाखान्यात, आणि ऐकावं लागतं घरात.

तसं त्या घरात ऐकण्यासारखं फार घडत नव्हतं. मुलगा ईशान बंगलोरला. घरात मारोतराव आणि त्यांची बायको गयाबाई, आणि मागच्या अंगणात गयाबाईंचा जिमीकंद. जिमीकंद म्हणजे आपला सुरण. छत्तीसगडात त्याला जो मान आहे तो बाकी मुलखात मोठ्या जावयाला मिळतो. गयाबाईंनी वर्षानुवर्षं तो लावला होता, पण या दिवाळीआधी त्यांनी जो एक खणून काढला, तो पाहून अमरदीपनं स्वतःचं हेल्मेट आणून शेजारी ठेवलं आणि हेल्मेट लहान दिसलं. त्यानं तो फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठे कुठे फिरला कोण जाणे, पण एक दिवस इथल्या केबल चॅनलची एक मुलगी माइक घेऊन आणि एक मुलगा कॅमेरा घेऊन दारात उभे राहिले. गयाबाईंनी लुगड्याचा पदर नीट केला आणि मुलाखत दिली. मारोतराव तेव्हा ड्युटीवर होते. आयुष्यात पहिल्यांदा घरी कॅमेरा आला आणि घरचा कर्ता माणूस मिलमध्ये रूळ मोजत होता, ही गोष्ट त्यांच्या मनाला चांगलीच लागली.

संध्याकाळी बूट काढता काढता त्यांनी विषय काढला.

"काय विचारलं त्यायनं?"

"जिमीकंदाचं विचारलं."

"माह्याबद्दल काही आलं का नाही?"

"आलं ना," गयाबाई पोळी उलटवत म्हणाल्या.

"काय आलं?"

"आता टीव्हीवरच ऐकजा. पुढच्या रविवारी सकाळी दाखवून राहिले."

मारोतरावांना अंदाज आला. जिमीकंदाला जे शेणखत घातलं होतं ते त्यांनी स्वतः अहिवाऱ्याहून, एका ओळखीच्या माणसाच्या गोठ्यातून, स्कूटरवर पोतं बांधून आणलं होतं. वाटेत पोतं फाटलं होतं. मागून येणाऱ्या एका मोटारसायकलवाल्यानं जे शब्द वापरले होते ते त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. शिवाय अंगणाचं बांबूचं कुंपणही त्यांनीच घातलं होतं. हे सगळं गयाबाईंनी जगाला सांगितलं असणार. बाई घरात बोलत नाही, पण बाहेर बोलते, हे त्यांना मनातून फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिलमध्ये जेवणाच्या डब्यावर सगळ्यांना सांगितलं, कॉलनीत सांगितलं, बोरसीला राहणाऱ्या साडूला, शामरावांना, फोन करून सांगितलं. "रविवारी घरीच या. सगळ्यायनं मिळून पाहू."

आमंत्रणं देऊन झाल्यावर त्यांना टीव्हीची आठवण झाली. दहा-बारा माणसं आपल्या घरात जमणार, गयाबाई आपलं नाव घेणार, आणि ते नाव भिंतीत जाणार.

त्या रात्री ईशानचा फोन आला तेव्हा त्यांनी त्याला उपाय विचारला. "बाबा, साउंडबार ले लो ना," ईशान म्हणाला. "टीव्हीसमोर ठेवायची एक लांब पट्टी येते. सस्ते में भी अच्छे मिलते हैं. फक्त पहले ये देखो, टीव्हीला एआरसीचं सॉकेट आहे का."

"ते कुठी असते?"

"पीछे. एचडीएमआयच्या जवळ लिहिलेलं असते."

मारोतरावांनी टॉर्च घेऊन टीव्हीच्या मागे डोकं घातलं. मागे धूळ होती, हरवलेली एक कंगवी होती आणि बरीच भोकं होती, पण एआरसी असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ईशाननं सांगितलं, काही हरकत नाही, दुसरी एक वायर येते. हे 'काही हरकत नाही' पुढे फार महाग पडणार होतं, पण इंजिनियर मुलाच्या तोंडून आल्यामुळे ते त्या वेळी शास्त्रीय वाटलं.

भिलाईत कोणी एकट्यानं खरेदीला जात नाही. सुपेल्याच्या बाजारातल्या दुकानात मारोतरावांबरोबर अमरदीप होता आणि बोरसीहून खास आलेले शामरावही होते. शामराव बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या घरी एके काळी मोठा रेकॉर्ड प्लेयर होता, एवढ्या भांडवलावर ते नात्यातले आवाजाचे जाणकार ठरले होते. दुकानात परवडणारे असे दोनच साउंडबार उरले. एक आखूड, नुसताच. दुसरा लांब, आणि त्याच्यासोबत वूफर नावाची एक काळी पेटी.

"वूफर वाला लो," अमरदीप म्हणाला. "बिना वूफर का क्या? जैसे बिना तडके की दाल."

"मारोतराव, शब्द महत्त्वाचा," शामराव डोळे मिटून म्हणाले. "धडधड तर तुम्ही मिलमध्ये फुकट ऐकता. आखूड घ्या."

टीना नावाची विक्रेती होती. तिनं आखूडवर एक हेलिकॉप्टर उडवून दाखवलं. मग तेच हेलिकॉप्टर लांबवर उडवलं. नंतर दोन्हींवर एकेक काच फोडली. मारोतरावांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, इसमें कोई बाई बात करती हुई दिखाओ."

"सर?"

"बाई. जिमीकंद के बारे में बोल रही है, ऐसा समझो."

टीनानं पेन ड्राइव्ह शोधला. त्यात हेलिकॉप्टर होतं, काच होती, एक वादळ होतं आणि वाघ होता. बोलणारी बाई कंपनीनं दिलेली नव्हती. "सर, लेडीज की आवाज तो सबमें आती है," ती म्हणाली. या वाक्यावर तिघांचाही थोडा वेळ विचार झाला.

शेवटी अमरदीप जिंकला, कारण गाडी त्याची होती आणि तो लांबवाला खोका उचलून बाहेर निघून गेला होता. परत येताना शामराव बोरसीचा फाटा येईपर्यंत मागच्या सीटवर वूफर मांडीवर घेऊन बसले.

घरी बार टीव्हीपुढे ठेवला आणि रिमोट चालेनासा झाला. टीव्हीचा रिमोट ओळखणारा डोळा खाली मधोमध असतो आणि बार नेमका त्याच्या पुढे येऊन बसला होता. चॅनल बदलायचं तर उठून, जवळ जाऊन, बारच्या वरून हात लांबवून, टीव्हीला ओवाळल्यासारखा रिमोट फिरवावा लागे. दोन दिवस मारोतरावांनी ओवाळलं. तिसऱ्या दिवशी टीव्ही उंच करायला म्हणून जिमीकंदाच्या वाफ्याच्या कडेच्या चार विटा काढून आणल्या.

"विटा कावून काढल्या?" गयाबाईंनी विचारलं.

मारोतरावांना ऐकू आलं नाही.

"त्याच्या मुळाची माती वाहून जाते," गयाबाई म्हणाल्या, आणि विटा उचलून परत वाफ्याशी लावून आल्या.

आता भिंतीला फळी ठोकून टीव्ही वर चढवणं हाच मार्ग होता. पण भिंत कंपनीची. दुसरा कोणी असता तर त्यानं गुपचूप ड्रिल मारलं असतं. मारोतराव नियमाचे माणूस. ते कॉलनीच्या देखभाल कार्यालयात गेले.

खिडकीमागचा बाबू चांगला माणूस होता. "नल का है तो मेरे पास," तो म्हणाला. "नाली का है तो बाजू में. बिजली का है तो कल."

"साउंडबार का है."

बाबूनं पेन खाली ठेवलं. "दीवार में छेद है तो सिविल में आएगा. तार है तो इलेक्ट्रिकल में. और आवाज है तो," त्यानं थोडा विचार केला, "वो शिकायत आपको नहीं करनी है, आपके पड़ोसी को करनी है." तरीही त्यानं ओव्हरसियरला पाठवण्याचं कबूल केलं, आणि या कार्यालयाच्या इतिहासात क्वचितच घडतं ते घडलं. ओव्हरसियर दुसऱ्याच दिवशी आला.

भिंत पाहायला आलेल्या माणसानं भिंतीकडे पाहिलंच नाही. मागच्या अंगणात जाऊन त्यानं बांबूच्या कुंपणाकडे पाहिलं, टेप काढला, मोजलं आणि सांगितलं, की कुंपण हातभर बाहेर गेलं आहे, ते काढावं लागेल. मारोतरावांचा चेहरा उतरला. ज्या कुंपणाचा उल्लेख रविवारी टीव्हीवर व्हायचा होता ते त्याआधीच पाडायचं. ते नियमांचं काही सांगायला लागले, तोवर गयाबाई खुरपं घेऊन बाहेर आल्या होत्या. ओव्हरसियर जिमीकंदाच्या पानाकडे पाहत होता.

"इतना बड़ा होता कैसे है? मेरे यहाँ तो मुट्ठी जितना होता है," तो म्हणाला.

"कंद उथला गाड़ते होंगे," गयाबाई म्हणाल्या आणि त्याला बसवून सगळं समजावलं. तो निघाला तेव्हा त्याच्या हातात फडक्यात बांधलेला बियाण्याचा एक तुकडा होता. फाटकाशी थांबून तो म्हणाला, कुंपणाचं पुढच्या पावसाळ्यात बघू, बाऊंडरी तेव्हा नव्यानं मोजायची आहे. ड्रिलचं मात्र अवघड आहे. मारोतरावांनी शेवटी स्वयंपाकघरातले पिठाचे दोन चपटे डबे पालथे घालून टीव्ही त्यांवर ठेवला. रिमोट चालू झाला. पीठ पातेल्यात गेलं.

मग वायरीचा प्रश्न आला. ती 'दुसरी वायर' खोक्यात नव्हती. ती येईपर्यंत ईशाननं फोनवरून ब्लूटूथ जोडून दिलं. आवाज आला, पण ओठांच्या मागून आला. बातम्या देणारी बाई तोंड मिटून बसे आणि मग तिचं वाक्य येई. भीषण अपघाताची बातमी संपेपर्यंत ती पुढच्या बातमीसाठी हसू लागलेली असे. गयाबाई म्हणाल्या, "माणूस आधी बोलते का आधी तोंड हालवते, हेच समजून नाई राहिलं." मारोतरावांनी सायकल काढली आणि बाजारातून ती वायर आणली. ती भोकात जाईना. त्यांनी दाबली, फिरवली, टोकाला खोबरेल लावलं. व्हिडिओ कॉलवर ईशान बराच वेळ पाहत राहिला. "बाबा," तो म्हणाला, "टोपी निकालो. प्लास्टिक की. आगे टोपी लगी है." टोपी काढली, तेल पुसलं, वायर गेली. इतक्या वर्षांत मिलमध्ये एकाही रुळानं त्यांचा असा पाणउतारा केला नव्हता.

वूफरचं वेगळंच. त्याची वायर आखूड होती, त्यामुळे ते फक्त गयाबाईंच्या खुर्चीखालीच पोचलं. मालिकेत कोणाचं रहस्य उघड झालं, की वूफर गुरगुरे. "माह्या खुर्चीखालून मालगाडी जाऊन राहिली," असं म्हणून गयाबाई पाटावर जाऊन बसल्या. पहिल्याच संध्याकाळी अमरदीप दारात आला. तो नेहमीसारखा आत शिरला नाही, उंबऱ्याशी उभा राहिला.

"भाई साहब, वो वूफर," तो म्हणाला, "थोड़ा कम हो सकता है क्या? घर में काँच के बर्तन बज रहे हैं. बीवी समझ रही है भूकंप आया."

"तूच तर म्हणाला होता," मारोतराव म्हणाले.

"हाँ, पर मैंने सोचा था आवाज आगे की तरफ जाएगी."

वूफर बंद करून ठेवण्यात आलं. काळी पेटी दिसायला चांगली होती, तिच्यावर गयाबाईंनी फुलदाणी ठेवली.

रविवारी सकाळी सगळे जमले. शामराव पुढच्या खुर्चीवर. अमरदीप आणि त्याची बायको दिवाणावर. मिलमधले दोघं-तिघं, कॉलनीतल्या बाया सतरंजीवर. गयाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी, पोह्यांच्या परातीजवळ. मारोतराव इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीच्या बाजूला उभे होते, दोन्ही हातांत एकेक रिमोट. कार्यक्रम सुरू झाला. अंगण दिसलं, कुंपण दिसलं. मारोतरावांनी खाकरून सगळ्यांचं लक्ष कुंपणाकडे वेधलं. गयाबाई दिसल्या. माइकवाल्या मुलीनं काहीतरी विचारलं, गयाबाईंनी तोंड उघडलं आणि बारमधून ढोल वाजू लागला. पाठोपाठ कोणीतरी खणखणीत पंजाबीत गाऊ लागलं.

अमरदीप फोन हातात घेऊन जागच्या जागी गोठला. खोका उघडला त्या दिवशी त्यानं आपला फोन बारला जोडून पाहिला होता. आता ग्रुपवर कोणी काही पाठवलं, ते त्यानं सहज उघडलं, आणि बारनं जुनी ओळख विसरली नव्हती.

"बंद कर ना," मारोतराव म्हणाले.

"कर रहा हूँ, हो नहीं रहा."

"राहू द्या आता," दाराशी उभ्या गयाबाई म्हणाल्या. "दिसून तर राहिलं ना सगळ्यायले."

"दिसून काय उपेग? आवाज साफ आला पाहिजे." मारोतरावांनी बारच्या रिमोटवर एकामागून एक बटणं दाबली. एकानं आवाज वाढला, एकानं दिवा निळा झाला. ढोल थांबला. टीव्ही परत जोडला गेला, पण शब्द घुसमटत होते. तेव्हा त्यांना एक बटण दिसलं, त्यावर उघड्या तोंडाचं चित्र होतं. त्यांनी ते दाबलं. आणि एकदम खोलीत गयाबाई बोलू लागल्या, इतक्या स्वच्छ, की सतरंजीवरच्या एका बाईनं वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"खाद कहाँ से लाती हैं?" मुलगी विचारत होती.

मारोतराव ताठ झाले.

"अहिवारा से आ जाती है," टीव्हीतल्या गयाबाई म्हणाल्या.

येते म्हणे. जणू पोतं स्वतः बस पकडून आलं होतं. मारोतरावांनी कसंबसं स्वतःला समजावलं, की खरी गोष्ट पुढे असेल.

"पड़ोसी बताते हैं आप पौधे से बात करती हैं?"

"हाँ तो. घर में हमारे ये हैं ना, रेल मिल में हैं. बोलते हैं मशीन के कारण कम सुनाई देता है. मतलब मेरा ही कम सुनाई देता है. बाकी चाय का पूछो तो फाटक से सुन लेते हैं." गयाबाईंनी पदर सावरला. "तो मुझे जो बोलना रहता है, मैं जिमीकंद को बोल देती हूँ. वो कम से कम बढ़ता तो है."

एकही अक्षर भिंतीत गेलं नाही. सगळी अक्षरं पुढे आली आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या मांडीवर जाऊन बसली. आधी अमरदीपची बायको हसली, मग सतरंजी हसली, मग मिलमधले हसले, आणि अमरदीप तर दिवाणाच्या कडेला धरून वाकला. शामरावांनी डोळे उघडले. "शब्द मात्र स्वच्छ आला हो, मारोतराव," ते म्हणाले. "मी उगाच आखूडचा आग्रह धरला."

मारोतराव दोन रिमोट घेऊन उभे होते. पडद्यावर आता कोणी दुसरी बाई कुंड्या दाखवत होती.

गयाबाई दारातून, कोणाकडे न पाहता, हळूच म्हणाल्या, "चहा टाकू का?"

"टाक ना," मारोतराव म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांना कळलं. खोलीत जो हशा उठला त्यानं अमरदीपच्या घरची काचेची भांडी वाजली असावीत.

पोहे संपले, चहा झाला, माणसं पांगली. दुपारी मारोतराव जेवले, पण झोपले नाहीत. थोडा वेळ ते खोलीत फिरले. मग मागच्या दारानं अंगणात गेले. गयाबाई वाफ्याशी बसून गवत उपटत होत्या. ते पायरीवर बसले.

"काय काय सांगतं त्याले?" त्यांनी विचारलं.

"कोणाले?"

"त्याले. जिमीकंदाले."

गयाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. चेष्टा नव्हती. मग त्या गवत उपटता उपटता सांगू लागल्या. मागची मोरी दसऱ्यापासून तुंबून आहे. बहिणीचा गुडघा दुखतो आणि शामराव तिला दवाखान्यात नेत नाहीत, नुसतं कोमट तेल सांगतात. ईशानच्या आवाजावरून वाटतं, की त्याचं तिथे मन लागत नाही, पण विचारलं तर सांगत नाही. आणि रिटायर झाल्यावर हे क्वार्टर सुटलं की कुठे राहायचं, हे अजून घरात कोणी बोललेलं नाही.

"मोरीचं मी उद्याच कम्प्लेंट लिहून देतो," मारोतराव म्हणाले. "तो खिडकीवाला बाबू माह्या ओळखीचा आहे. नालीचं असलं तर बाजूच्या खिडकीत..."

"हे पाहा," गयाबाई म्हणाल्या, "जिमीकंद मधात बोलत नाई."

मारोतराव गप्प बसले. गयाबाईंनी हातातलं गवत बाजूला टाकलं आणि मोरीपासून पुन्हा सुरुवात केली.